ग्लुकोमीटरवर १९८, तरीही कीटोअॅसिडोसिस: ‘टाईप २’ म्हणून नऊ महिने चाललेला मधुमेह

दक्षिण महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातलं हे प्रकरण कीटोअॅसिडोसिसचं, म्हणजे इन्सुलिन अपुरं पडल्याने रक्तात कीटोन नावाची आम्लं साठण्याचं. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून नाव-गाव दिलेलं नाही आणि काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या रुग्णालयात तो शेवटी आला, तिथल्या फिजिशियनच्या बाजूने हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ३७ वर्षांचा, साखर कारखान्यात चिटबॉय, म्हणजे फडावर ऊसतोडणीची नोंद ठेवणारा कर्मचारी. गळीत हंगामात पहाटे मोटारसायकल काढायची, तोडणी टोळ्यांच्या मागे फडाफडांतून फिरायचं आणि जेवण मिळेल तेव्हा उरकायचं. उंची १६८ सेंटिमीटर, वजन वर्षानुवर्षं ६१ किलो. त्या हंगामात दोन महिन्यांत ते ५३ वर आलं. हंगामात सगळेच वाळतात, असं म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. पण रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागू लागलं आणि घोटभर पाण्याने तहान भागेना, तेव्हा जानेवारीत तो तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेला. उपाशीपोटी साखर २१२, जेवणानंतर ३४०, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) १०.८.

आईला मधुमेह, वय पस्तिशीच्या पुढे, कामाची दगदग, खाण्याच्या वेळा नाहीत. कागदावर ‘टाईप २’ (शरीरात इन्सुलिन बनतं, पण पुरेसं लागू पडत नाही तो प्रकार) लिहिलं गेलं आणि मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या.

या निदानाला घाईचं म्हणणं मला पटत नाही. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात टाईप २ चा रुग्ण लठ्ठ असतो. आपल्याकडे तसं नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आतून चरबी जास्त, अशी आपली ठेवण. त्यामुळे बारीक माणसाला टाईप २ होणं इथे रोजचंच आहे, आणि ‘बारीक आहे म्हणजे टाईप १’ (शरीर इन्सुलिन बनवणंच बंद करतं तो प्रकार) हा नियम इथे चालत नाही.

पण त्याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. बारीकपणावरून काहीच ठरत नसेल, तर बाकीच्या खुणा जास्त बारकाईने बघाव्या लागतात. या माणसाच्या बाबतीत बारीक असण्यापेक्षा महत्त्वाचं होतं ते दोन महिन्यांत आठ किलो उतरणं.

सुरुवातीचे नऊ महिने

गोळ्यांनी फरक पडला. मार्चअखेर एचबीए१सी ७.९ आला, रात्रीचं उठणं थांबलं, वजन दीड किलो वाढलं. सगळ्यांना निदान बरोबर वाटलं ते या सुधारणेमुळेच. प्रौढ वयात सावकाश येणाऱ्या स्वप्रतिकारक (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते अशा) मधुमेहात, ज्याला लाडा म्हणतात, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी एका झटक्यात संपत नाहीत. चढलेली साखर गोळ्यांनी उतरली की उरलेल्या पेशींना उसंत मिळते आणि त्या काही महिने बरं काम करतात. गोळी लागू पडली म्हणून टाईप २ सिद्ध होत नाही.

ऑगस्टमध्ये एचबीए१सी ९.६ वर गेला आणि वजन पुन्हा उतरून ५२. ‘पथ्य पाळत नाही’ असा शेरा पडला. खरं तर तो पाळत होता. कोणीतरी सांगितल्यावरून भात सोडला होता, दोन भाकरीची एक केली होती. इन्सुलिनचा विषय निघाला तेव्हा आईने तो हाणून पाडला. “मला बी साखर हाय की. धा वरसं झाली, गोळीवरच चाललंय. ह्याला कशाला सुई?” सप्टेंबरमध्ये तिसरी गोळी आली, डॅपाग्लिफ्लोझिन. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर ही गोळी आपल्याकडे स्वस्त झाली आणि गावोगावी पोचली. हृदय आणि मूत्रपिंडाच्या दृष्टीने औषध चांगलं आहे, योग्य रुग्णाला मी स्वतः ते देतो. प्रश्न होता रुग्ण कोणता, हा.

अडचण

ऑक्टोबरात घट बसले. घरात नऊ दिवसांचा उपवास. सकाळी चहा, संध्याकाळी थोडी भगर आणि दूध. उपवासात साखर खाली जाईल म्हणून ग्लिमेपिराइड त्याने स्वतःच बंद केलं. ‘नव्या गोळीने साखर फार उतरत नाही’ असं ऐकलेलं, म्हणून डॅपाग्लिफ्लोझिन मात्र चालू ठेवलं.

चौथ्या माळेला उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखू लागलं. जवळच्या दवाखान्यात ग्लुकोमीटरवर साखर १९८ निघाली. एवढी साखर म्हणजे मधुमेहाचा त्रास नव्हे, उपवासाचं पित्त असणार, असं धरून एक सलाईन, उलटीचं आणि पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको आणि चुलतभाऊ त्याला आमच्याकडे घेऊन आले. जीभ कोरडी ठणठणीत, नाडी १२४, श्वास खोल आणि जोरात. ‘धाप लागलीय’ म्हणून त्यांनी सांगितलं, पण छाती स्वच्छ होती आणि ऑक्सिजन ९८ टक्के. फुफ्फुसं ठीक असताना माणूस असा श्वास घेत असेल, तर रक्तातलं आम्ल बाहेर टाकायची ती धडपड असते.

रक्तातली साखर २०६. पीएच ७.१४, बायकार्बोनेट ९ (दोन्ही खूप कमी, म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं), लघवीत कीटोन तीन अधिक, रक्तातलं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट ५.८. साखर फारशी न चढता झालेला डायबेटिक कीटोअॅसिडोसिस.

हे कसं घडतं ते नीट समजून घेतलं पाहिजे. डॅपाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर काढतं. त्यासाठी इन्सुलिन लागत नाही, त्यामुळे शरीरात इन्सुलिन तोकडं असलं तरी रक्तातला आकडा बरा दिसतो. पण चरबी जाळून कीटोन तयार होण्याला जो लगाम असतो, तो इन्सुलिनचाच. उपवासाने तो आणखी सैल होतो. म्हणजे आकडा १९८ आणि आतून आम्ल वाढत चाललेलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्येच या गटातल्या गोळ्यांबाबत असा इशारा दिला होता. कीटोअॅसिडोसिससाठी साखर २५० च्या वर हवी ही जुनी अट २०२४ च्या आंतरराष्ट्रीय एकमतपत्रात बदलली: साखर २०० किंवा जास्त, किंवा रुग्णाला आधीपासून मधुमेह असणं, एवढं पुरेसं धरलं गेलं. ग्लुकोमीटरचा आकडा बघून उलट्या होणाऱ्या मधुमेहीला घरी पाठवायची सवय मात्र अजून गेलेली नाही.

पहिला निर्णय: उपचार

इथे फार खल करायला वाव नव्हता. सलाईन, शिरेतून इन्सुलिन तासाला ०.१ युनिट प्रति किलो, आणि साखर आधीच कमी असल्याने पहिल्यापासून डेक्स्ट्रोज सोबत. नातेवाइकांना हे चमत्कारिक वाटलं, साखरेच्या रुग्णाला साखरेचं सलाईन! त्यांना थांबून समजावलं, कारण इन्सुलिन थांबवलं तर कीटोन थांबणार नव्हते, आणि इन्सुलिन द्यायचं तर साखर सांभाळावीच लागणार होती. पोटॅशियम ४.६ होतं, इन्सुलिन चालू झाल्यावर ते उतरणार हे धरून सलाईनमधून देत राहिलो. डॅपाग्लिफ्लोझिन बंद. त्याचा असर काही दिवस रेंगाळतो म्हणून कीटोन निवळल्यावरही लक्ष ठेवलं. छत्तीस तासांत तो सावरला. वजन भरलं ४९ किलो.

दुसरा निर्णय: गोळीचा दोष म्हणून थांबायचं की पुढे जायचं

या प्रकरणातली कळीची जागा हीच. कारण सापडल्यासारखं वाटत होतं: गोळी अधिक उपवास. टाईप २ च्या रुग्णालाही या गोळीने असा त्रास होऊ शकतो. गोळी बंद करून जुन्या दोन गोळ्यांवर घरी सोडणं शास्त्राला धरून दिसलं असतं, खर्चही वाचला असता. चुलतभाऊ तेच विचारत होता: “डॉक्टर, गोळी बंद केली की झालं ना? आणखी टेस्ट कशाला?”

आम्ही पुढे जायचं ठरवलं, ते तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पायाकडे नजर गेल्यावर. उजव्या घोट्याजवळ रुपयाएवढा पांढरा डाग होता, कडा स्पष्ट. “तो लई वर्षांचा आहे, बूट घासून झालाय,” तो म्हणाला. ते कोड होतं. मग घरच्यांची पुन्हा नीट विचारपूस केली. आतापर्यंत सगळ्यांनी ‘घरात साखर आहे का’ एवढंच विचारलं होतं. अक्काला, म्हणजे त्याच्या बहिणीला, बाळंतपणापासून थायरॉइडची गोळी चालू आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. कोड आणि थायरॉइड हे दोन्ही बऱ्याचदा स्वप्रतिकारक असतात, आणि टाईप १ त्याच गटातला आजार आहे.

आमच्यासमोर शक्यता अशा होत्या.

टाईप २, गोळीमुळे बिघडलेला. बाजूने आईचा इतिहास. पण आईला तो ५२ व्या वर्षी झाला, वजन ७० च्या घरात असताना. मुलगा मात्र गोळ्या आणि पथ्य दोन्ही पाळूनही वाळतच चालला होता.

स्वप्रतिकारक, म्हणजे टाईप १ चा सावकाश येणारा प्रकार. वजनाचा आलेख, कोड, बहिणीचा थायरॉइड आणि गोळ्यांचा काही महिन्यांतच संपलेला गुण याच दिशेने बोट दाखवत होते.

स्वादुपिंडाचा आजार. बारीक तरुण मधुमेही समोर आला की आपल्या देशात हे विसरून चालत नाही. स्वादुपिंडात खडे होऊन मधुमेह होणारे रुग्ण, विशेषतः दक्षिणेत, अजूनही दिसतात. वर्षानुवर्षं पोटदुखी, तेलकट शौच असा इतिहास असतो. त्याला तो नव्हता, पण सोनोग्राफी स्वस्त आहे आणि याच तपासणीत स्वादुपिंडाची गाठही ढोबळमानाने बघता येते.

एका जनुकातल्या दोषाने होणारा मोडी. तो सहसा पंचविशीच्या आत सुरू होतो आणि पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. इथे तसं चित्र नव्हतं, आणि कीटोअॅसिडोसिस त्यात क्वचितच होतो. महागडी जनुकीय तपासणी बाजूला ठेवली.

लहानपणापासूनच्या कुपोषणाशी जोडलेला मधुमेह, ज्याला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये टाईप ५ म्हणून मान्यता दिली. त्यात माणूस खूप बारीक असतो, पण कीटोअॅसिडोसिस सहसा होत नाही. शिवाय आमचा रुग्ण आजारापूर्वी ६१ किलोचा होता. ही शक्यता मागे पडली.

तिसरा निर्णय: कोणती तपासणी, कधी

सगळ्या तपासण्या एकदम लिहिणं सोपं असतं. पण खिसा चिटबॉयचा होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चुकीच्या वेळी केलेली तपासणी दिशाभूल करते.

सोनोग्राफी लगेच केली. स्वादुपिंड व्यवस्थित, खडे नाहीत. गॅड अँटिबॉडी, म्हणजे स्वप्रतिकारक मधुमेहाची रक्तात सापडणारी खूण, तपासायला रक्त त्याच दिवशी पाठवलं. आजारपणाने ती बदलत नाही, त्यामुळे थांबायची गरज नव्हती. आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८ या अँटिबॉडी गॅड निगेटिव्ह आली तरच करायच्या ठरवल्या.

सी-पेप्टाइडचा कागद एका सहकाऱ्याने लिहिलाही होता, तो मागे घेतला. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते या तपासणीतून कळतं, पण साखर बराच काळ चढलेली असताना आणि कीटोअॅसिडोसिसच्या तडाख्यात धडधाकट बीटा पेशीही गप्प बसतात. अशा वेळी आलेला कमी आकडा टाईप २ लाही टाईप १ ठरवून टाकतो. किमान दोन आठवडे थांबावं लागतं. आम्ही पाच आठवडे थांबलो.

रिपोर्ट यायच्या आत त्याला घरी सोडायचं होतं. कागदावर काय लिहायचं? आम्ही इन्सुलिनवरच सोडलं आणि निदानाच्या जागी लिहिलं: ‘टाईप अनिश्चित, स्वप्रतिकारक असण्याची दाट शक्यता, इन्सुलिन बंद करू नये’. टाईप २ च्या माणसाला महिनाभर विनाकारण इन्सुलिन दिलं तर ते नंतर थांबवता येतं. टाईप १ च्या माणसाचं तोडलं तर तो पुन्हा अतिदक्षता विभागात येतो, किंवा येऊही शकत नाही.

गॅड अँटिबॉडी २५० युनिटच्या वर आली. त्या प्रयोगशाळेची मर्यादा १० होती. पाच आठवड्यांनी नाश्त्यानंतर घेतलेलं सी-पेप्टाइड ०.४२ नॅनोग्रॅम आणि त्याच नमुन्यातली साखर १८४. हे दोन आकडे एकत्रच वाचायचे असतात, कारण साखर कमी असताना सी-पेप्टाइड कमी असणं स्वाभाविक आहे. १८४ साखर असूनही ०.४२, म्हणजे साधारण १४० पिकोमोल. २०० पिकोमोलच्या खाली गेलं की टाईप १ धरतात, ६०० च्या वर टाईप २ कडे झुकतं. निदान पक्कं झालं.

चौथा निर्णय: कोणतं इन्सुलिन

स्वस्तातला मार्ग म्हणजे ३०/७० मिश्र इन्सुलिन, दिवसातून दोनदा. पण त्यात सकाळच्या डोसाचा जोर दुपारी येतो, आणि दुपारी हा माणूस कुठल्यातरी फडात, जेवणाचा डबा गाडीला लटकलेला. जेवायला तीन वाजले तर साखर धाडकन खाली येणार. म्हणून रात्री ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) १० युनिट आणि जेवणाआधी जलद इन्सुलिन ४-४-४ असं सुरू केलं. जेवण पुढे गेलं तर सुईही पुढे, जेवण नाही तर ती सुई नाही, ग्लार्जिन मात्र कधीही चुकवायचं नाही. सुया चार आणि खर्च जास्त, हे त्याला आधीच स्पष्ट सांगितलं.

पेन परवडेना तेव्हा मधले दोन महिने जलद इन्सुलिनऐवजी साधं, रेग्युलर इन्सुलिन कुपीतून घेतलं. ते जेवणाआधी अर्धा तास टोचावं लागतं, म्हणून फडावरची लवचीकता तेवढे दिवस गेली. आपल्याकडच्या बहुतेक कुप्या ४० युनिट प्रति मिलीच्या असतात आणि त्यांना लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते. मेडिकलवाल्याने चुकून १०० ची दिली होती. त्या सिरिंजवर ४ ची खूण म्हणजे प्रत्यक्षात १.६ युनिटच. बायकोने सिरिंज आणि कुपी शेजारी धरून आकडे जुळत नसल्याचं ओळखलं आणि फोन केला. शिकवताना ही गोष्ट तिला हातात देऊन दाखवली होती, त्याचा हा उपयोग.

फडावर इन्सुलिन न्यायला थंडगार राहणारी पिशवी, आणि घरी फ्रीज नसल्याने लहान मडकं ओलसर वाळूच्या मोठ्या मडक्यात ठेवलेलं. खिशात ग्लुकोजची पुडी, आणि मुकादमाला ती कधी द्यायची याची माहिती.

आईशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. सुई एकदा लागली की सुटत नाही, ही त्यांची धास्ती. त्यांच्या मुलाच्या बाबतीत ते खरंच होतं आणि मी तसंच सांगितलं: “मावशी, तुमची साखर वेगळी, ह्याची वेगळी. तुमच्या अंगात इन्सुलिन तयार होतं, ह्याच्यात जवळजवळ संपलंय. बाहेरून द्यावंच लागणार, कायमचं.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग ते आधी का नाही सांगितलं कुणी?”

काय झालं

आठ महिन्यांनी वजन ५७, एचबीए१सी ७.२. हंगामात दोनदा साखर ६० च्या खाली गेली, दोन्ही वेळा जलद इन्सुलिन घेऊन जेवण लांबल्यामुळे. त्यानंतर ताट समोर आल्यावरच सुई, असं ठरलं. थायरॉइडची तपासणी सध्या ठीक आहे, दरवर्षी करायची आहे. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘टाईप १’ आणि ‘डॅपाग्लिफ्लोझिन व त्या गटातली गोळी देऊ नये’ असं लिहून दिलं, त्याची झेरॉक्स पाकिटात. पुढच्या नवरात्रात तो घटापाशी बसला, पण दोन्ही वेळा जेवून.

काय वेगळं करता आलं असतं

जानेवारीत लघवीतल्या कीटोनची पट्टी बुडवायला हवी होती. ती काही रुपयांत होते आणि दवाखान्यातच होते. दोन महिन्यांत आठ किलो उतरलेल्या माणसात ती वगळणं योग्य नव्हे. त्याच वेळी ‘घरात थायरॉइड, कोड, सांध्यांचा आमवात कोणाला?’ हा प्रश्न विचारला असता तर बहीण आठवली असती.

मला सर्वांत जास्त खटकतो तो ऑगस्ट. गोळ्यांचा गुण पाच-सहा महिन्यांत संपला आणि वजन उतरत होतं, तेव्हा आधी निदान तपासायला हवं होतं. तिसरी गोळी हा त्यानंतरचा प्रश्न. ‘पथ्य पाळत नाही’ या शेऱ्याने ती चौकशीच बंद झाली. आणि बारीक, वाळत चाललेल्या, सी-पेप्टाइड न तपासलेल्या माणसाला डॅपाग्लिफ्लोझिन द्यायला नको होतं. दिलंच, तर उपवास, उलट्या किंवा शस्त्रक्रिया यांच्या काळात ते बंद ठेवायचं हे श्रावण-नवरात्राच्या तोंडावर प्रत्येकाला सांगायला हवं. आपल्याकडे उपवास कधी येणार हे पंचांगात आधीच छापलेलं असतं.

यावरून प्रत्येक मधुमेहीची गॅड करावी, असं मात्र मी म्हणणार नाही. ब्रिटनच्या यूकेपीडीएस या मधुमेहावरच्या मोठ्या अभ्यासात टाईप २ म्हणून आलेल्या २५ ते ३४ वयाच्या रुग्णांपैकी ३४ टक्क्यांत गॅड अँटिबॉडी सापडली होती, पण ५५ ते ६५ वयात ती ७ टक्केच होती, आणि हे आकडे तिथल्या लोकसंख्येचे आहेत. संशय नसताना सरसकट केलेल्या तपासणीत काही कमी पातळीच्या पॉझिटिव्ह खोट्या निघतात, आणि मग खऱ्या टाईप २ च्या माणसावर आयुष्यभराच्या इन्सुलिनचा शिक्का बसतो. शिवाय टाईप १ असलेल्या काही प्रौढांत या अँटिबॉडी सापडतच नाहीत. अशा वेळी निर्णय वजन, कीटोन आणि योग्य वेळी केलेल्या सी-पेप्टाइडवरच घ्यावा लागतो, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासून बघावा लागतो.